झालरमामांचं लॅम्पिंग

माझ्या मामांना सगळे झालरमामा म्हणतात. त्यांचं पडदे शिवायचं दुकान होतं, आणि खाली झालर लागल्याशिवाय पडदा पुरा झाला असं त्यांना कधी वाटायचं नाही. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी ते लावायचे. "राहू दे, त्याचं वेगळं काही घेत नाही," म्हणायचे, आणि खरंच घ्यायचे नाहीत. एका वकिलांनी आपल्या कचेरीतल्या पडद्यांची झालर उसवून टाकली, तर मामा दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन गेले आणि वकील कोर्टात असताना ती पुन्हा लावून आले. घरात मिक्सरच्या कव्हरला झालर, स्कूटरच्या सीटला झालर. मी नर्स झाले आणि पहिल्यांदा गणवेश घालून त्यांच्या पाया पडायला गेले, तेव्हा ते माझ्या बाह्यांकडे फार वेळ बघत बसले होते. मामींनी डोळे वटारले म्हणून वाचले.

मामी बसस्थानकावर घोषणा करायच्या. त्यांचा आवाज असा, की कुठल्या फलाटावर कुठली गाडी लागतेय हे स्थानकाबाहेरच्या न्हाव्यालाही कळायचं. निवृत्त झाल्यावर स्थानकातल्या लोकांनी त्यांना जुना कर्णा आणि माइक भेट दिला. तो घरात ठेवला नसता तरी चाललं असतं, कारण मामींना साधं बोलताच यायचं नाही. जेवायची वेळ झाली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "लक्ष द्या. जेवण टेबलावर लागलेलं आहे. हात न धुतलेल्यांनी मोरीकडे जावे." मामा निमूट मोरीकडे जायचे.

दोघांचं बरं चाललं होतं. मग आमच्याकडे ब्लाइंड्स आल्या. त्या दोरी ओढली की वर जाणाऱ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. कुठल्याशा कंपनीचा एक विक्रेता नमुन्यांची बॅग घेऊन कचेऱ्या पालथ्या घालत होता. बँकेने पडदे काढले, शाळेने काढले, वकिलांनी तर सगळ्यांच्या आधी काढले. मामांनी त्या विक्रेत्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचं नाव मात्र त्यांनी 'पट्ट्या' ठेवलं होतं. "आज पट्ट्याने पोस्टाचं ऑफिस खाल्लं," असं ते जेवताना सांगायचे.

शेवटचा घाव मी काम करते त्या दवाखान्याने घातला. क्ष-किरणाच्या खोल्यांसाठी आणि डोळ्यांच्या विभागासाठी मामांना दाट काळ्या अस्तराची मोठी ऑर्डर मिळाली होती. कापड येऊन पडलं आणि दवाखान्याचा विचार बदलला. त्यांनाही ब्लाइंड्स हव्या होत्या. काळे तागे मामांच्या घरात बोळभर रचले गेले. न्हाणीघरात जायचं तर अंग चोरून, आडवं होऊन जावं लागायचं. मामांचं पोट जरा सुटलेलं, त्यामुळे त्यांना दर वेळी श्वास सोडून आत घुसावं लागे.

याच सुमारास मामींची एक आत्या वारली आणि तिची गावाबाहेरची जमीन मामींकडे आली. जमीन म्हणजे गवताचा एक उतार, खाली तळं, आणि कुंपणापलीकडे एका काकूंच्या शेळ्या. मामा ती बघायला गेले, काट्यावर बसले आणि परत आले.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करते. एका रविवारी ती घरी आली ती डोक्यात एक कल्पना घेऊनच. बाबांकडे कापड आहे, आईकडे जमीन आहे, मग हातावर हात ठेवून काय बसलाय, आपण ग्लॅम्पिंग सुरू करू, असं तिचं म्हणणं. मामांनी ते काय असतं विचारलं. तिने सांगितलं की लोक मोकळ्या जागी तंबूत राहायला येतात, पण तंबूत पलंग असतो, गादी असते, गालिचा, आरसा, सगळं.

"म्हणजे घरासारखंच?" मामा म्हणाले.

"हो."

"मग ते घर सोडून का येतात?"

"बाबा, तंबू असतो ना तो."

मामांना ते पटलं नाही, पण तंबूला चारी बाजूंनी खालून कड असते हे त्यांच्या ध्यानात आलं. चारी बाजूंनी कड म्हणजे चारी बाजूंनी झालर. ते संध्याकाळपर्यंत तयार झाले.

त्यांनी पाटी रंगवायला टाकली ती फोनवरून. त्यांना स्वतःला तो शब्द नीट बोलता येत नव्हता, आणि रंगाऱ्याला कमी ऐकू येत होतं. रस्त्याच्या कडेला पाटी उभी राहिली, तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'येथे लॅम्पिंग करून मिळेल'. बहिणीने कपाळाला हात लावला. मामांचं म्हणणं, रंग महाग असतो, आणि लोकांना कळतंय.

कळलं ते एकाच गृहस्थांना. ते टेबलावरचा बिघडलेला दिवा घेऊन आले. मामांनी त्यांना बसवून चहा दिला, दिवा उलटासुलटा करून पाहिला, आणि त्याच्या टोपीला गुलाबी झालर लावून दिली. दिवा लागत नव्हता तो नव्हताच, पण गृहस्थ खूश होऊन गेले.

तंबू मात्र मामांनी मन लावून केले. सांगाडा लोहाराकडून पाइपांचा करून घेतला. बाहेरून पांढरी ताडपत्री, आतून ते काळं अस्तर, आणि त्याच्याही आत फुलाफुलांचे पडदे. वारा लागू नये म्हणून दाराला एकामागे एक पडदे लावले, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या बाजूला, म्हणजे वाऱ्याला वाट सापडू नये. वाऱ्याला सापडली नाही हे खरं. बहीण पहिला तंबू बघायला आत शिरली तर तिलाही सापडेना. आतून तिचा आवाज येत होता, "बाबा, कुठून?" आणि मामा बाहेरून चुण्यांवर हात फिरवत तिला अस्तराचा पोत सांगत होते. शेवटी मामींनी माइक हातात घेतला आणि तिला डावीकडे, मग उजवीकडे, मग वाकून, अशी सूचना देत बाहेर आणलं.

बाहेर आल्यावर बहीण म्हणाली की आत काळाकुट्ट अंधार आहे, भर दुपारी स्वतःचा हात दिसत नाही. खिडक्या पाडा. लोक अशा ठिकाणी तारे बघायला, सूर्योदय बघायला येतात.

"तारे बघायचे असले तर माणसाने बाहेर यावं," मामा म्हणाले. "ते काय तंबूत येणार आहेत?"

एवढ्या दाट कापडाला भोक पाडायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येत होतं. मामींनी या वादात पडायचं नाकारलं. त्या तळ्याच्या काठी कर्णा कुठे बसवायचा ते बघत होत्या.

पहिलं पाहुण्यांचं जोडपं बहिणीनेच पाठवलं. नुकतंच लग्न झालेलं. नवरा हौशी, बायको हसऱ्या तोंडाची. त्यांनी गालिच्याचं कौतुक केलं, आरशाचं करता आलं नाही कारण तो दिसत नव्हता. दिवेलागणीला बायको तळ्याकडे फिरायला गेली. नवऱ्याला वाटलं ती तंबूत गेलीय. तो पडदे सारत आत शिरला. पलंगावर कुणीतरी बसलेलं त्याला जाणवलं. तो शेजारी बसला.

आता, पलीकडच्या काकूंच्या शेळ्यांत एक पांढरी शेळी होती, तिला सगळे 'मॅनेजर' म्हणायचे. कुठेही काही नवीन दिसलं की ती येऊन सगळं तपासून जायची. मामांच्या झालरी तिला विशेष आवडायच्या. कुंपणाकडच्या तंबूची एक बाजू तिने आधीच साफ केली होती. त्या संध्याकाळी ती आतून तपासणी करत होती.

नवरा अंधारात बराच वेळ बोलत होता. आपण दोघं आयुष्यात काय काय करू, तुझ्या आईशी मी कसा नीट वागेन, मी जरा चिडखोर आहे पण मनात काही नसतं, असं सगळं. समोरून काही उत्तर येत नव्हतं, फक्त हळू हळू चावल्याचा आवाज येत होता. त्याला वाटलं ती रडू आवरतेय. तेवढ्यात त्याची बायको बाहेर येऊन थांबली आणि तिने सगळं ऐकलं. मग आतून एक 'मॅं' ऐकू आलं, पाठोपाठ नवऱ्याची किंकाळी, आणि मग तो बाहेर यायची वाट शोधत असताना तंबू सगळ्या बाजूंनी फुगत राहिला.

बायको गवतात बसून पोट धरून हसत होती. नवऱ्याला मात्र ते लागलं. सकाळी चहासुद्धा न घेता दोघं निघाली. मामींनी कर्ण्यावरून त्यांना परतीच्या प्रवासासाठी शुभेच्छा दिल्या, त्या तळ्यापलीकडच्या वस्तीतही पोचल्या.

बहिणीने मग निर्वाणीचं सांगितलं. एक तर खिडक्या पाडा, नाहीतर मी यातून अंग काढून घेते. मामा काही दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण लेकीपुढे त्यांचं कधी चाललंय? एका सकाळी ते उतारावर गेले, अस्तरावर खडूने चौकोन आखला आणि मोठी कात्री हातात घेऊन उभे राहिले. आम्हाला नंतर मामी सांगायच्या, की चेहरा असा होता जसं कुणी त्यांना स्वतःचंच पोट कापायला सांगितलंय.

तेवढ्यात गाडी आली. एक बाई चालवत होत्या, शेजारी त्यांचे यजमान. यजमानांचे डोळे लाल, दाढी वाढलेली, मांडीवर बॅग घट्ट धरलेली. बाईंनी उतरल्या उतरल्या सांगून टाकलं की यांना झोप येत नाही, घरात उजाडलं की तोंडावर उजेडाच्या रेघा पडतात, मग हे दिवसभर माझ्यावर गुरगुरतात. त्यांच्या शेजारणीची मुलगी नुकतीच लग्न होऊन इथे राहून गेली होती. तिने हसत हसत सांगितलं होतं, की आत आपल्याच बायकोत आणि शेळीत फरक कळत नाही इतका काळोख आहे.

"एक दुपार झोपू द्या त्यांना," बाई म्हणाल्या. "मी चहाला परत येते."

मामांनी कात्री खाली ठेवली आणि पाहुण्यांना हाताला धरून आत पलंगापर्यंत नेऊन सोडलं. ते बॅगेसकट आडवे झाले.

चहाची वेळ झाली. बाई आल्या, पाहुणे उठले नाहीत. संध्याकाळ झाली, मामींनी पुन्हा चहा केला आणि पुन्हा गार झाला. बाई म्हणाल्या झोपू द्या, आणि घरी गेल्या. त्या फार हलक्या पावलांनी गेल्या. दुसरा दिवस उजाडला, उन्हं चढली, तरी आत हालचाल नाही. मामी कान लावून आल्या, पण काकूंच्या शेळ्यांच्या ओरडण्यात काही ऐकू आलं नाही. मामा तंबूभोवती फेऱ्या मारू लागले. त्यांनी मला फोन केला आणि दबक्या आवाजात विचारलं, की माणूस झोपेत गेला तर तंबूवाल्याला धरतात का.

मी रात्रपाळी संपवून तशीच गणवेशात गेले. आत शिरले, मोबाइलचा दिवा लावायला गेले तर बॅटरी संपलेली. चाचपडत पलंग गाठला, घोंगडी सारली आणि मनगट धरलं. नाडी लागली. जरा जलद होती, आणि मनगट फार केसाळ होतं. मी बाहेर तसं ओरडून सांगितलं. मामा म्हणाले, माणूस केसाळ नव्हता. मग मॅनेजर उठली, माझ्या पायावरून गेली, आणि तिच्या पलीकडून मला शांत घोरणं ऐकू आलं. गृहस्थ ठणठणीत होते, ढाराढूर झोपले होते.

मी म्हटलं झोपू द्या. पण मामींचा धीर सुटला होता. त्यांनी माइक घेतला, घसा साफ केला आणि सगळा उतार दणाणून सोडला. "लक्ष द्या. काल दुपारपासून झोपलेल्या प्रवाशांनी कृपया ताबडतोब बाहेर यावे. आपली गाडी सुटण्याच्या बेतात आहे."

तंबू एकदा डावीकडे झुकला, एकदा उजवीकडे. मग गृहस्थ धडपडत बाहेर पडले, एका हातात बूट, दुसऱ्या हातात बॅग, अंगावर घोंगडी, आणि थेट रस्त्याकडे धावत सुटले. "थांबवा, थांबवा," म्हणत होते. पाटीपाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गाडी नाही. ते थांबले, पण बॅग थांबली नाही. ती उघडली आणि तिच्यातून पांढऱ्या, करड्या, फिक्या निळ्या पट्ट्या गवतावर पसरल्या.

मामा एकेक पट्टी बघत उभे राहिले. मला सगळं समजलं होतं, पण मध्ये पडायची हिंमत झाली नाही.

"हे तुमचं?" मामांनी विचारलं.

"नमुने आहेत," गृहस्थ म्हणाले. "मी ब्लाइंड्स विकतो. आमच्या घरीही त्याच आहेत, कंपनीचा माणूस म्हणून लावाव्या लागतात."

"दवाखान्याच्या तुम्हीच लावल्या?"

"हो. का?"

"हे आतलं काळं कापड त्या दवाखान्यासाठी आणलं होतं मी."

गृहस्थांनी तंबूकडे बघितलं, मग पायाशी पडलेल्या पट्ट्यांकडे. झोप झाल्यामुळे त्यांचं डोकं फार स्वच्छ चालत होतं. "मग मी लावल्या ते बरंच झालं की," ते म्हणाले. "नाहीतर मी झोपलो कुठे असतो?"

मामांना रागवायचं होतं. इतकी वर्षं त्यासाठी साठवून ठेवलेलं होतं. पण या वाक्यात कुठे पकडावं ते त्यांना समजेना. शेवटी मनसोक्त रागवता यावं म्हणून ते तंबूत गेले, आणि बराच वेळ त्यांना बाहेर येता आलं नाही. तोवर मामींनी पट्ट्याला अंडी आणि पाव खायला घातले. मामा बाहेर आले तेव्हा तो पावाने ताटली पुसत होता, आणि त्याने हळूच विचारलं की त्याच्या झोपायच्या खोलीला असेच पडदे शिवून मिळतील का. फक्त कंपनीत कळायला नको.

"झालर लागेल," मामा करड्या आवाजात म्हणाले.

"लावा ना. मोठी लावा."

मामांचा राग तिथेच विरघळला. ते पडदे त्यांनी गादीच्या खोळीत गुंडाळून पोचवले, आणि खिडकीच्या बाहेरच्या बाजूने दिसायला त्याने ब्लाइंड्स तशाच ठेवल्या.

त्या सकाळी मीही रात्रपाळीची होतेच. एवढा गोंधळ उरकल्यावर म्हटलं जरा पाठ टेकते, आणि आडवी झाले. संध्याकाळी उठले. नोकरी लागल्यापासून दिवसा अशी झोप मला मिळाली नव्हती. घरी दिवसा झोपायचं म्हणजे वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवतं, खाली कुणीतरी हॉर्न वाजवतं, आणि पापण्यांवर ऊन येऊन बसतं. मी वॉर्डात सांगितलं. पुढच्या आठवड्यात आमच्या नर्सा येऊ लागल्या, मग रात्रीचे बसचालक, मामींच्या जुन्या ओळखीचे. मग अग्निशामक दलातला एक जण, जो झोपेतही एक बूट घालूनच असे.

बहिणीने सुरुवातीला नाक मुरडलं. तिच्या मते याला ग्लॅम्पिंग म्हणत नाहीत. पण तंबू भरलेले दिसायला लागल्यावर तीच हॉटेलात सांगू लागली, की आमचं जरा वेगळ्या धर्तीचं आहे. रंगाऱ्याला पुन्हा बोलावलं आणि या वेळी समोर उभं करून 'येथे दिवसा झोप मिळेल' असं लिहून घेतलं. खडूने आखलेला तो चौकोन मामांनी ओल्या फडक्याने पुसून टाकला. दाराचे पडदे मात्र एकाच बाजूला उघडतील असे करून घ्यावे लागले, कारण अग्निशामक दलाच्या माणसाने ते बघून भुवया उंचावल्या होत्या. काकूंशी बोलून कुंपण नीट केलं. मॅनेजर अजून येते, पण फाटकातून, आणि मामा तिच्यासाठी कापडाच्या चिंध्या वेगळ्या ठेवतात.

तिथला दिवस उलटा झाला. सकाळी सगळे जांभया देत येतात, मामी त्यांना कोमट दूध देतात, आणि उन्हं उतरल्यावर न्याहारी लागते. सगळ्यांत हाल झाले ते मामींचे. लोक झोपलेले असताना मोठ्याने बोलायचं नाही म्हणजे त्यांना जवळजवळ आजारपण आलं. आता त्या रोज दुपारी तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला जातात आणि पाण्याकडे तोंड करून मनाजोगतं बोलून येतात. तिकडच्या वस्तीतल्या लोकांना त्यामुळे आमच्या घरातलं सगळं माहीत असतं.

हल्ली तिथे दोन जण नेमाने येतात. एक बेकरीत रात्रभर भट्टी सांभाळणाऱ्या बाई, आणि एक गोदामावरचा रखवालदार. शेजारशेजारचे तंबू, पण बाई उशिरा येतात आणि लवकर जातात, रखवालदार लवकर येतो आणि उशिरा उठतो, त्यामुळे दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. परवा रखवालदार न्याहारीला बसला तो चिडचिडा. मामींनी हळू आवाजात विचारलं, गादी टोचली का, काही आवाज झाला का.

"आवाज झाला नाही ना, तेच," तो म्हणाला. "शेजारी कुणी घोरायचं ते आज नव्हतं. त्याशिवाय मला आता झोपच लागत नाही."

मामींनी सांगितलं की त्या बाई आज रजेवर आहेत, उद्या येतील. रखवालदाराने चहाचा कप खाली ठेवला. घोरणारा कुणी पुरुष असेल असंच त्याला इतके दिवस वाटलं होतं. मग त्याने विचारलं, "त्या साधारण किती वाजता उठतात?"

मामींनी वेळ सांगितली. दुसऱ्या दिवशी तो त्याच वेळी उठून, केस ओले करून, नीट भांग पाडून बाहेर बाकावर येऊन बसला. बाई पडदा सारून, डोळे चोळत बाहेर आल्या. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आज फार छान झोप लागली मला."

बाईंनी त्याला एकदा खालीवर न्याहाळलं. "तुम्हीच का ते," त्या म्हणाल्या, "झोपेत कुणाला तरी सारखं 'कोण आहे रे तिकडे' विचारता?"

तो ओशाळून बाकाच्या एका बाजूला सरकला. बाई बाकावर टेकल्या आणि मामींना म्हणाल्या, दोन चहा.